नळी आणि काडतूस यांची जोडी

राधानगरी तालुक्यातलं दाजीपूरचं जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली, पण कोल्हापूरचा बंदुकीशी संबंध सुटला नाही. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी 2010 मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन (झोपून मारायच्या) प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. आता मुलांसाठी रायफल घेणारे पालक पहिल्यांदा कंपनी आणि किंमत विचारतात. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच: या नळीला कोणतं काडतूस मानवतं, आणि आपल्या मुलाला त्याची गरज आत्ता आहे का?

वजनाचा प्रश्न त्या मानानं सोपा आहे. परदेशात डोंगर चढून शिकार करणाऱ्याला हलकी रायफल लागते. पातळ नळी लवकर तापते, धक्का जोरात बसतो, पण त्याला एक-दोनच गोळ्या झाडायच्या असतात. आपल्या नेमबाजाला गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून साठ गोळ्या मारायच्या असतात. नियमानं 8 किलोपर्यंत वजन चालतं आणि जड रायफल हाताची थरथर पुष्कळ शोषून घेते. मात्र वाढत्या वयाच्या मुलाला ते वजन पेलत नसेल तर पाठीची ठेवणच बिघडते, म्हणून वजन शरीराकडे पाहूनच ठरवावं. दुर्बिणीचा विषय नियमच निकाली काढतो: या प्रकारात ती चालत नाही, बारीक छिद्रातून पाहायची पीप साइट वापरावी लागते. पुढची आणि मागची साइट 80 सेंटिमीटर अंतरावर असतील आणि त्यांच्या जुळणीत दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर 50 मीटरवर गोळी सहा मिलिमीटर सरकते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच 10.4 मिलिमीटर असतो.

खरा पेच काडतुसात आहे. या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या पॉइंट टू टू काडतुसातली शिशाची गोळी साधारण 2.6 ग्रॅमची, आणि स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला असतो. जास्त वेगाची गोळी वाऱ्याला कमी बधेल असं वाटतं, पण इथे उलट घडतं. आवाजाच्या वेगाच्या आसपास हवेचा अडथळा एकदम वाढतो, गोळीचा वेग झपाट्यानं घटतो आणि वारा तिला जास्त ढकलतो. त्यातही एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट (एका वेळी बनवलेले गट) एकाच नळीतून सारखे जात नाहीत. एकाला जमलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीत विखुरतो. म्हणूनच एली आणि लापुआसारख्या कंपन्या रायफल पकडीत बसवून लॉट तपासण्याची सोय ठेवतात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं यावर कुणी म्हणेल. आक्षेप अर्धा खरा आहे, आणि कुठला अर्धा ते गणितच सांगतं. माणसामुळे आणि काडतुसामुळे होणारा गोळ्यांचा विखुरा सरळ मिळवायचा नसतो. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. नवशिक्याचा विखुरा 40 मिलिमीटर आणि काडतुसाचा 15 असेल तर एकूण सुमारे 43 होतो. काडतूस कितीही महाग घेतलं तरी तीनच मिलिमीटर वाचतील. तेच नेमबाजाचा स्वतःचा विखुरा 15 वर आला की एकूण 21 होतो. इथे काडतूस सहा मिलिमीटर खातं. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एक दशांश म्हणजे 0.8 मिलिमीटर. कुसाळे पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवे होते, म्हणजे शेवटच्या आठांत जेमतेम. त्या पातळीवर सहा मिलिमीटर सोडून देणं परवडत नाही.

खर्चाचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण ही काडतुसं आयात होतात आणि हवा तो लॉट हवा तेव्हा मिळत नाही. तरीही उपलब्ध लॉटांची एकेक-दोन पाकिटं आणून स्वतःच्या नळीतून तपासता येतात. त्यातला उत्तम लॉट स्पर्धेसाठी बाजूला ठेवावा, बाकीचे सरावाला वापरावेत. गोळीवरचं वंगण तापमानानुसार वेगळं वागतं, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात निवडलेला लॉट थंड देशातल्या स्पर्धेपूर्वी तिथल्या हवेत पुन्हा मारून पाहावा. सुरुवातीच्या वर्षांत मात्र क्लबची जुनी रायफल आणि साधी काडतुसंच घ्यावीत, आणि वाचलेला पैसा प्रशिक्षकाकडे व सरावाच्या तासांकडे वळवावा.