कात्री न लावलेलं डिझाइन

फॅशनच्या वर्गात डिझाइनची सुरुवात पॅटर्न आणि कात्रीपासून होते, म्हणून नऊवारीला ‘पारंपरिक पोशाख’ म्हणून बाजूला ठेवलं जातं. हे मला पटत नाही. सुमारे ८ मीटरचं सरळ कापड. काष्टा मागे खोचला की दोन पाय मोकळे, निऱ्यांनी कंबरेला हवा तेवढा सैलपणा. कोळीण तेच कापड गुडघ्यापर्यंत नेसते, कारण तिचं काम पाण्यात आणि चिखलात. म्हणजे बेतणं इथंही आहे, फक्त ते अंगावर होतं. साडीच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्ती यांनी देशभरातल्या साडी नेसण्याच्या शंभरहून अधिक पद्धती नोंदवल्या आहेत. जपानचे डिझायनर इस्से मियाके यांनीही ‘एक कापड’ हाच विचार आयुष्यभर धरला (त्यांना मात्र आपण आधुनिक म्हणतो!).

कुणी म्हणेल, नेसायला वेळ कुणाला आहे? शिवलेली नऊवारी म्हणूनच खपते. सोय खरी आहे, पण शिवण घातली की माप ठरतं. वजन वाढलं, गरोदरपण आलं की ती कपाटात जाते. न शिवलेली मात्र आजीनंतर नातही नेसू शकते. फॅशन शिकणाऱ्यांनी एकदा तरी नऊवारी नेसायला शिकावं, स्केचबुक उघडण्याआधी.