खरिपाचा मेळावा जवळ आला. आपल्या वस्तीतून कोण जाणार?

भीमजयंती पार पडली. वस्तीवरचे निळे झेंडे अजून उतरलेले नाहीत, तोच रानात मशागत सुरू झाली आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत, कुठल्याही तालुक्यात जा, घरोघरी सध्या एकच काळजी आहे: बियाण्याचा पैसा कुठून आणायचा?

नेमक्या याच दिवसांत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. त्या स्थापनादिनी हा मेळावा घेण्याचा प्रघात आहे. (एखाद्या वर्षी तारीख मागेपुढे होते, म्हणून तालुक्याच्या कृषी कार्यालयात आधी विचारून घ्यावे.) रब्बीचा मेळावा १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्ती दिनी, आणि महिला शेतकऱ्यांचा मेळावा ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला. १७ सप्टेंबरचे आणखी एक महत्त्व आपल्या वाचकांना ठाऊक असावे. याच तारखेला १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते.

पूर्णेच्या धम्म परिषदेला आपली माणसे टेम्पो भरून जातात. दीक्षाभूमीला जातात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातात. भाकरी बांधून घेतात, उभ्याने प्रवास करतात. जावेच, त्याबद्दल दुमत नाही. पण परभणी हे पूर्णेच्या पुढचेच मोठे स्टेशन. तिथल्या शेतकरी मेळाव्याला आपल्या वस्तीतून किती जण गेले, असे आम्ही गावोगाव विचारत आलो आहोत. उत्तर ठरलेले असते, "आपल्याला जमीनच किती? तो मोठ्या बागायतदारांचा कारभार."

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन पुरेशी की अपुरी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, तिला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती मिळते त्यावर ठरते, असे त्यांनी त्यात मांडले. शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढवा, हाही त्यांचाच उपाय. तेव्हा दोन एकरवाल्याने माहितीच्या मांडवात पाऊल ठेवू नये, हे बाबासाहेबांच्या विचारात कुठेच बसत नाही. त्याही आधी, १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्यांसाठी प्रदर्शने भरवावीत, औत हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत, असे सुचवले होते. म्हणजे मेळाव्याची मूळ कल्पना आपल्याच घरातली आहे.

आता फायद्याचे बोलू. मेळाव्यात विद्यापीठाचे बियाणे विक्रीला येते. सोयाबीनचे एमएयूएस ७१, एमएयूएस ६१२, तुरीचे बीडीएन ७११ हे वाण विद्यापीठाचेच. सोयाबीन हे स्वपरागी पीक आहे. एकदा चांगले बियाणे आणले की त्याचेच घरचे बियाणे तीन वर्षे वापरता येते. दरवर्षी दुकानातून पिशवी आणण्याचे कारण नाही. पण हे दुकानदार कशाला सांगेल?

घरच्या बियाण्याची उगवण मात्र पेरणीआधी तपासलीच पाहिजे. सोयाबीनचे साल नाजूक, पोते आदळले तरी उगवण घटते. सगळ्या पोत्यांतले थोडे थोडे बी एकत्र करून त्यातले न निवडता शंभर दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहावे. सात-आठ दिवसांनी चांगले मोड आलेले दाणे मोजावेत. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो बी पुरते. साठच निघाले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी निघाले तर ते बी पेरण्याच्या भानगडीत पडू नये. हा हिशेब सातवीतली पोरगीही करील, आणि तिच्याकडूनच करून घ्यावा. जमिनीत चांगली ओल जाईपर्यंत, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत चाड्यावर मूठ धरू नये. दुबार पेरणीने कर्जात गेलेली घरे आपण पाहतोच.

परभणी लांब वाटत असेल त्यांच्यासाठी कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे वर्षभर प्रशिक्षणे चालतात. अशा केंद्रांना अनुसूचित जाती उपयोजनेतून आपल्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम घेता येतात, निविष्ठाही देता येतात. हा निधी आपल्या नावाचा असतो. नावे द्यायला आपण गेलो नाही तर कागद भरण्यापुरती कोणाची तरी नावे लागतातच, एवढे समजून असावे.

एका गोष्टीचा आम्हाला विशेष राग आहे. फवारणीचे प्रशिक्षण ऐकायला शेतमालक बसतो आणि पंप पाठीवर घेतो तो मजूर. तो मजूर बहुतेक आपल्याच वस्तीतला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत मजूरही होते. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाचा अर्थ त्या मजुराला कोणी सांगितला होता काय? लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. निळा आपल्या झेंड्याचा म्हणून बिनधोक समजू नये, तेही विषच आहे. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, नोझल तोंडाने फुंकू नये, मध्येच तंबाखू मळू नये, कपडे घरच्या धुण्यात घालू नयेत. गरगरले, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर औषधाचा डबा बरोबर घेऊनच दवाखाना गाठावा. कृषी खात्याने आणि विज्ञान केंद्राने फवारणीचा वर्ग मालकाच्या शेतावर घ्यावाच, पण एक वर्ग संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत घ्यावा, अशी आमची मागणी आहे. दिवसा रोज बुडवून मजूर येणार नाही.

बायांचेही तेच. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही झाले आहे. आनंदाची गोष्ट. मात्र काढणीपासून हळद वाळवण्यापर्यंत ज्या बाया उन्हात राबतात, त्यांच्या बचत गटाला हळद पूड करून विकण्याचे शिक्षण मिळाले तर ते मानांकन त्यांच्या चुलीपर्यंत पोचेल. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले. ३ जानेवारीच्या मेळाव्याला उपासिका मंडळांनी आतापासूनच नावे काढून ठेवावीत.

आणि जमीन? २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो. तो सातबाऱ्यावरून मिळतो. बटईने करणारा आणि गायरान कसणारा त्यात येत नाही. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. मराठवाड्यात त्यासाठी झगडून कित्येकांचे केस पांढरे झाले. ज्यांच्याकडे जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याचे उतारे आहेत त्यांनी ते पत्र्याच्या पेटीत कुजू न देता प्रती काढून ठेवाव्यात. भूमिहीन कुटुंबांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन, २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. अर्ज समाजकल्याण कार्यालयात. विकणारा जमीनमालक मिळत नाही ही त्यातली खरी अडचण, ती आम्ही लपवीत नाही. ज्यांना थोडी जमीन आहे त्यांनी विहिरीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेची चौकशी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात करावी. मेळाव्यात साहेब लोक समोरासमोर भेटतात. तिथे हे प्रश्न उभे राहून विचारावेत, मागच्या रांगेत बसून नव्हे.

आमची एक सूचना आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. खरिपाचा हंगामही तोच. आठवड्यातून एका रात्री वाचन संपल्यावर अर्धा तास गावच्या कृषी सहायकाला (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात) बोलवावे. सगळी वस्ती एकत्र बसलेली असते, मजूर असतो, बाया असतात, वेगळा मांडव लागत नाही. वाचायला येणाऱ्या मुलाने वहीत टिपण घ्यावे.

परभणीला जाणाऱ्यांनी चार-पाच जणांचा गट करून जावे. हिंगोली, वसमतहून पूर्णेमार्गे रेल्वे आहे, एसटीही आहे. बरोबर आधार कार्ड, सातबारा असल्यास त्याची प्रत, वही-पेन आणि पाणी घ्यावे, ऊन मी म्हणत असते. बियाणे लवकर संपते, म्हणून भाषणे ऐकायला बसण्याआधी एकाला बियाण्याच्या रांगेत उभे करावे.