ट्रॅकच्या वळणात इंजिनाचं तेल कुठे जातं?

ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचा कारी स्पीडवे. आपली स्पोर्ट्स कार घेऊन इथे हौसेने उतरणारे चालक आता बरेच आहेत. जाण्यापूर्वी ते ब्रेक पॅड बदलतात, टायरमधली हवा मोजतात, हेल्मेट तपासतात. तेलाचा विचार मात्र बहुतेकदा डिपस्टिक पुसून पातळी पाहण्यापाशीच थांबतो. पॅड संपले तर नवे बसवता येतात, टायर झिजला तर दुसरा मिळतो. पण तेलावाचून बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. म्हणूनच या विषयावरचे पक्के बसलेले गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

आधी इंजिनाच्या आत काय चालतं ते पाहू. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड जिथे फिरतात तिथे धातूच्या पातळ वाट्या असतात. त्यांना बेअरिंग म्हणतात. फिरता दांडा आणि वाटी यांच्यातली फट साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते आणि ती तेलाने भरलेली असते. दांडा वेगाने फिरताना तेलाची पाचर तयार होते आणि दांडा तिच्यावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. पंपाचं काम त्या फटीत सतत नवं तेल पोहोचवायचं. पंप हे तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या, म्हणजे संपच्या, तळाजवळ असलेल्या स्ट्रेनरमधून, म्हणजे जाळीतून, ओढतो. स्ट्रेनरचं तोंड तेलात बुडालेलं असेल तोवर सगळं ठीक चालतं. ते उघडं पडलं की पंप हवा ओढतो, आणि हवा तेलाच्या पाचरीसारखी दांड्याला पेलत नाही.

गैरसमज १ : डिपस्टिकवर पातळी पूर्ण आहे, म्हणजे तेल कमी पडणार नाही.

वस्तुस्थिती : डिपस्टिक सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीची पातळी सांगते. वळणात तेल त्या जागी राहत नाही. परातीत पाणी घेऊन झटकन वळलं की पाणी एका काठाला चढतं आणि दुसरा काठ कोरडा पडतो. बहुतेक गाड्यांचा चेंबरही परातीसारखाच उथळ आणि पसरट असतो.

हे किती टोकाला जातं, ते एका साध्या हिशेबाने कळतं. वळणातला आडवा जोर गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी झाला, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. रोजच्या रस्त्यावर हा जोर सहसा ०.३ जीच्या आसपास असतो आणि तेल सुमारे १७ अंशच कलतं. चांगले टायर लावलेली स्पोर्ट्स कार ट्रॅकवर १ जी सहज गाठते, आणि चिकट सेमी-स्लिक टायरांवर त्याहून पुढे जाते. लांब वळणात हा कल काही सेकंद टिकतो. त्यातच भरधाव इंजिनाचा पंप तेल वर फेकत असतो, आणि वर गेलेल्या तेलाला आडव्या जोराविरुद्ध वाट काढत खाली यावं लागतं. परिणामी इंजिनात तेल भरपूर असूनही ते चेंबरच्या कडेला, वरच्या सिलिंडर हेडमध्ये किंवा वाटेतच अडकतं आणि स्ट्रेनर कोरडा पडतो.

गैरसमज २ : तेलाचा दिवा लागला नाही, म्हणजे दाब ठीक होता.

वस्तुस्थिती : डॅशबोर्डवरचा दिवा बहुतेक गाड्यांत अगदी कमी दाबाला लागतो. मंद फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनासाठी तो पुरेसा इशारा आहे. पण मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर गरज वेगळी असते. रेसिंगमधला एक जुना ठोकताळा असा, की दर १,००० फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय दाब हवा, म्हणजे ७,००० फेऱ्यांना ७० पीएसआय. तुमच्या इंजिनाचा खरा आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्यावा, कारण हल्लीचे काही पंप दाब मुद्दाम कमी-जास्त करतात. पण मुद्दा तोच राहतो. दाब ७० वरून २० वर आला तरी दिवा कदाचित लागणारच नाही, आणि तोवर बेअरिंगचं नुकसान सुरू झालेलं असेल.

वेळही फार कमी असतो. ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. दोन सेकंद तेल तुटलं तर क्रँक तेवढ्यात २४० वेळा फिरतो. वळणात चालकाची नजर पुढच्या ॲपेक्सवर, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकावर, असते, डॅशबोर्डवर नसते. म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला खरा दाब दाखवणारं गेज हवं. शक्य असेल तर फेऱ्या, आडवा जोर आणि तेलाचा दाब एकत्र नोंदवणारा डेटा लॉगरही लावावा. संध्याकाळी तो आलेख पाहिला की कोणत्या वळणात दाब खाली आला ते स्पष्ट दिसतं.

गैरसमज ३ : ठोक्याचा आवाज आला की लगेच थांबायचं, मग काही होत नाही.

वस्तुस्थिती : खालून येणारा तो जड ठोका बेअरिंग झिजून फट वाढल्याचा आवाज असतो. तो ऐकू आला, म्हणजे नुकसान होऊन गेलं. इंजिन तात्काळ बंद करायलाच हवं, नाहीतर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो. पण आवाजावर विसंबून राहणं हा बचाव नाही. बचाव त्याच्या आधी असतो, आणि तो गेज, डेटा आणि फिल्टर यांत सापडतो. ट्रॅकच्या दिवसानंतर तेल बदलताना फिल्टर कापून आतला कागद पसरून पाहावा. त्यात चमकणारे धातूचे कण दिसले तर बेअरिंग झिजू लागलं आहे असं समजावं.

गैरसमज ४ : घट्ट तेल घातलं की प्रश्न मिटतो.

वस्तुस्थिती : ट्रॅकवर तेल फार तापतं आणि तापलेलं तेल पातळ होतं. त्यामुळे निर्मात्याने परवानगी दिली असेल तर एक पायरी घट्ट ग्रेड वापरण्यात अर्थ आहे, आणि गरज असेल तर ऑइल कूलर लावण्यातही. पण स्ट्रेनर हवा ओढत असेल तर तेल पातळ आहे की घट्ट, याने काही फरक पडत नाही. उलट फाजील घट्ट तेल हेडमधून चेंबरमध्ये परतायला उशीर लावतं. गेजवर आकडा मोठा दिसतो आणि स्ट्रेनरपाशी मात्र तेल कमी असतं.

गैरसमज ५ : एखादा लिटर जास्त भरला की वळणात फायदा होतो.

वस्तुस्थिती : वरच्या खुणेपर्यंत भरणं योग्यच आहे, ट्रॅकवर पातळी खालच्या खुणेकडे जाऊ देऊ नये. पण खुणेच्या बऱ्याच वर गेलं की फिरता क्रँक तेलावर आपटतो. तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि पंप मग फेसच ओढतो. हवा दाबली जाते, त्यामुळे फेसाळ तेल बेअरिंगला नीट आधार देत नाही. जादा तेल ब्रीदरमधून इंजिनाच्या हवेच्या वाटेत शिरतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. काही खास चेंबरांसाठी जाणकार ठरवून थोडं जास्त भरायला सांगतात, पण तो त्या भागाचा मोजलेला हिशेब असतो. सगळ्यांनी उचलावा असा तो सल्ला नाही.

गैरसमज ६ : मोठा पंप बसवला की तेल कमी पडणारच नाही.

वस्तुस्थिती : पंप तेल निर्माण करत नाही, फक्त उचलतो. जास्त ओढणारा पंप चेंबर आणखी लवकर कोरडा करतो. स्ट्रेनरभोवती तेल टिकवणं हा खरा उपाय. त्यासाठी चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे आडव्या भिंती बसवतात. त्यांतल्या काहींना एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं असतात. तेल स्ट्रेनरकडे आत येऊ शकतं, पण वळणात बाहेर पळू शकत नाही. क्रँकखाली पत्र्याची विंडेज ट्रे लावली तर फिरत्या क्रँकचा वारा तेल घुसळत नाही.

यापुढची पायरी ॲक्युम्युलेटरची. ही दोन-तीन लिटरची नळकांडी असते. तिच्यात पिस्टनच्या एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा असते. मुख्य दाब घसरला की हवा पिस्टन ढकलते आणि साठलेलं तेल इंजिनात जातं. सरळ रस्त्यावर ती पुन्हा भरते. काही सेकंदांची तूट ती भरून काढते. पण तूट प्रत्येक वळणात येत असेल, तर मूळ दोष चेंबरमध्येच आहे असं समजावं.

गैरसमज ७ : गाडीला ड्राय संप आहे, मग काळजीच नको.

वस्तुस्थिती : खऱ्या ड्राय संपमध्ये तेल चेंबरमध्ये साठवतच नाहीत. एक किंवा अधिक पंप खालचं तेल सतत ओढून वेगळ्या उंच टाकीत नेतात. तिथे त्यातली हवा सुटते आणि टाकीच्या तळातून दुसरा पंप ते इंजिनाला देतो. टाकी उंच आणि अरुंद असल्याने तेल कललं तरी तळाचं तोंड बुडालेलं राहतं. हवेने थंड होणाऱ्या पोर्शे ९११ ला सुरुवातीपासून अशीच वेगळी टाकी होती.

पण नाव तेच असलं म्हणून रचना तीच असेल असं नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शेने बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये पाण्याने थंड होणारं एम९६ इंजिन आणलं. त्यातल्या व्यवस्थेला 'इंटिग्रेटेड ड्राय संप' म्हणतात. वेगळी टाकी नाही. तेल इंजिनाच्याच तळाशी, कप्पे केलेल्या भागात राहतं आणि हेडमधलं तेल छोटे पंप परत आणतात. रस्त्यासाठी ही रचना उत्तम. पण या इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले आहेत. लांब डाव्या वळणात तेल उजव्या हेडमध्ये जमतं, उजव्या वळणात डाव्या. स्लिक टायर लावून असं वळण घेतलं की तळातला साठा अपुरा पडू शकतो. त्याच पिढीच्या ९११ जीटी३ ला मात्र पोर्शेने रेसिंगच्या वंशातलं, वेगळ्या टाकीचं इंजिन दिलं. ट्रॅकसाठी काय लागतं, याचं उत्तर कंपनीच्या या निवडीतच आहे.

आणखी एक गोष्ट. वेगळ्या टाकीच्या अनेक गाड्यांत पातळी इंजिन गरम आणि चालू असतानाच पाहायची असते. थंड गाडीत पाहून तेल ओतलं तर जास्त भरलं जातं. पुस्तिकेतली पद्धत अक्षरशः पाळावी.

गैरसमज ८ : मोटरसायकल जोरात वळते, तिचं इंजिन कारमध्ये सहज चालेल.

वस्तुस्थिती : हा मुद्दा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या खास उपयोगाचा आहे, कारण फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत विद्यार्थ्यांच्या पेट्रोलवर धावणाऱ्या गाड्या बहुतेकदा मोटरसायकलचंच इंजिन वापरतात. मोटरसायकल वळताना कलते. गुरुत्वाकर्षण आणि आडवा जोर यांची बेरीज तिच्या उभ्या अक्षातूनच जाते आणि तेल चेंबरच्या तळाशीच राहतं. तेच इंजिन चार चाकांवर बसवलं की ते कलत नाही, कलतं ते तेल. म्हणून बॅफल किंवा नवा चेंबर हा गाडीच्या पहिल्या आराखड्यातच असायला हवा, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात करायचा विषय नव्हे.

मग घाटातही धोका आहे का?

ताम्हिणी किंवा वरंध घाटात नियम पाळून चालवलेल्या धडधाकट गाडीला या कशाचीही गरज नाही. वळणं छोटी आणि वेग कमी असतो, आणि कारखान्यातला चेंबर तेवढ्यासाठी पुरेसा असतो. घाटाला ट्रॅक समजणं मात्र इंजिनापेक्षा माणसांच्या जिवावर बेततं.

क्रम कसा असावा?

दर सत्रानंतर पातळी पाहा. तेलाचं तापमान आणि दाब यांची खरी गेजं लावा. मूळ टायरांवर काही सत्रं चालवून दाबाचा आलेख पाहा. वळणात दाब पडत असेल तर बॅफल, नंतर ॲक्युम्युलेटर, आणि गाडी खरोखरच रेसची करायची असेल तर ड्राय संप. चिकट टायर या यादीत सर्वांत शेवटी येतात. बहुतेक हौशी चालक ते सर्वांत आधी घेतात, आणि तिथेच इंजिनं जातात. टायरची पकड वाढवली की वळणाचा जोर वाढतो, आणि तो जोर चाकांइतकाच चेंबरमधल्या तेलावरही पडतो. तेव्हा टायरचं बिल भरण्याआधी आपला चेंबर तेवढी पकड सोसेल का, हे गेजवर पाहून घ्या.