अलीकडे, पलीकडे आणि भरती-ओहोटी

मंडळी, कोकण रेल्वे आमच्या रोह्यापासून सुरू होते. पुढे कोलाड, इंदापूर, माणगाव. हा रूळ म्हणजे सरळ संख्यारेषा आहे असं समजा. आता अट अशी, की जागा सांगताना फक्त स्थानकांची नावं आणि ‘अलीकडे’, ‘पलीकडे’ हे शब्द वापरायचे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांना मुभा आहे.

‘कोलाडच्या पलीकडे आणि माणगावच्या अलीकडे’ म्हटलं की एक पट्टा मिळतो. त्यातून इंदापूर वगळलं की दोन पट्टे होतात. कितीही डोकं लढवा, हाती येतात ते मोजके बिंदू आणि मोजके पट्टेच! अशा वर्णनातून जो संच मिळतो, त्याला तर्कशास्त्रात ‘व्याख्येय संच’ म्हणतात.

बेरीज-गुणाकार जोडीला दिले तर? तरीही शिस्त मोडत नाही, हे आल्फ्रेड टार्स्की यांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं. इतकंच नव्हे, तर अशा प्रत्येक प्रश्नाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर काढण्याची रीतही त्यांनी दिली. आनंद पिल्ले आणि चार्ल्स स्टाइनहॉर्न यांनी १९८६ साली अशा शिस्तशीर रचनांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. या रचनांना ‘ओ-मिनिमल’ म्हणतात. त्यातला ‘ओ’ ऑर्डरचा, म्हणजे क्रमाचा.

आता कुंडलिकेच्या खाडीकडे या. भरती-ओहोटी म्हणजे एकसारखी, कधीच न थांबणारी लाट आहे असं माना. पाणी मधल्या रेषेला समान अंतराने, अनंत वेळा छेदणार. ते क्षण मोजायला घेतले की पूर्णांक हाती येतात. पूर्णांक, बेरीज आणि गुणाकार एकत्र आले, की सगळ्या प्रश्नांचा निकाल लावणारी रीत असूच शकत नाही, हे १९३६ साली अलोन्झो चर्च यांनी दाखवलं. मात्र एकाच दिवसाची भरती घेतली, तर छेद मोजकेच असतात आणि शिस्त टिकते.

याचा आपल्याला उपयोग काय? आमच्या धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. समजा, एखाद्या भांड्याचं तापमान बेरीज-गुणाकाराच्या सूत्राने मांडता आलं. मग ते धोक्याच्या रेषेवर केव्हा जाईल, याचं उत्तर मोजक्या कालखंडांत मिळतं आणि तपास पुरा होतो. सूत्र चुकीचं असेल, तर अर्थात गणित काही वाचवणार नाही. पण सूत्र बरोबर असताना ‘सगळं तपासलं’ असं छातीठोकपणे म्हणता येणं, हे पाळीवर जाणाऱ्या माणसासाठी थोडंथोडकं नाही.