जुन्या अ‍ॅटलासातले भोकर

अ‍ॅटलास जुना झाला की तो रद्दीत घालावा, असा बहुतेक घरांतला रिवाज आहे. मला तो मुळीच मान्य नाही. निदान आमच्या भोकरच्या माणसाने तरी असे करू नये. कारण आम्ही जागचे हललो नाही, पण नकाशाने आम्हांला तीन राज्ये फिरवून आणली!

1947 पूर्वीचा कोणताही इंग्रजी अ‍ॅटलास उघडा. ब्रिटिश मुलूख गुलाबी, संस्थाने पिवळी. भोकर निजामाच्या त्या ऐसपैस पिवळ्या रंगात. 1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली. तरी हैदराबाद राज्य उरलेच. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी आम्ही मुंबई राज्यात आलो आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात.

यातली 1956 ची रेघ आमच्या घरातून गेली. माझ्या आत्याचे सासर भैंसा. सोयरीक जमली तेव्हा मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच होता. रेघ पडली आणि मुधोळ, भैंसा, कुबेर आंध्रात गेले. त्याच वाटणीत आदिलाबादेकडचे किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले. आत्याची मुले तेलुगू शिकली, आम्ही इकडे मराठी. आत्या म्हणायची, “अरे, मी होते तिथंच आहे, सरकारच उठून गेलं!” तिच्या नातवंडांचे राज्य 2014 साली तेलंगण झाले आणि 2016 पासून जिल्हा निर्मल. तिच्या लग्नापासूनचे सगळे अ‍ॅटलास मांडून ठेवले, तर एका कुटुंबाची वंशावळच समोर येईल.

नकाशांचे पुस्तक करण्याची कल्पना तशी जुनी. ऑर्टेलियसने 1570 साली अँटवर्पला सारख्या आकाराचे नकाशे एकत्र बांधून विकायला काढले. ‘अ‍ॅटलास’ हे नाव मात्र मर्केटरचे. त्याचा संग्रह पुरा छापून निघाला 1595 साली, तो वारल्यानंतर. हिंदुस्थानचा बरा म्हणावा असा नकाशा जेम्स रेनेलने 1782 साली काढला. त्यातले कितीतरी अंतर मोजलेले नव्हे, प्रवाशांच्या मजलांवरून धरलेले होते.

खरी मोजणी सुरू केली लॅम्बटनने, 1802 साली मद्रासेहून. अर्धा टन वजनाचे यंत्र माणसांच्या खांद्यावरून नेत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. बिदरजवळून ही साखळी साधारण पाऊणेअठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास वर चढते आणि आमचे भोकरही जवळजवळ त्याच रेषेवर आहे. लॅम्बटन जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. एव्हरेस्टने ते काम पुढे हिमालयापर्यंत नेले. आपल्या मुलखात देह ठेवलेल्या या माणसाचे नाव शाळेतल्या भूगोलात मला तरी कुठे भेटले नाही; एव्हरेस्टचे मात्र पोरासोरांनाही पाठ!

स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याला प्रा. शि. प्र. चटर्जी यांनी 1956 साली राष्ट्रीय अ‍ॅटलासाची संस्था उभी केली. तिचा पहिला संग्रह 1957 साली निघाला, तोही हिंदीत. पाऊस, पिके, माणसे, रस्ते असे एकेक विषय घेऊन देश दाखवायचा, ही त्यातली दृष्टी.

आता मोबाईलवर सारे मिळते, हे खरे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवरचे भोकर स्टेशन बोटाने मोठे करून पाहता येते. पण तो नकाशा आजचाच. कालचा त्याखाली पुसलेला असतो.

शाळेच्या अ‍ॅटलासांवर पुष्कळदा साल नसते, किंवा पहिले पानच फाटलेले असते. आपल्या मराठवाड्यापुरती एक युक्ती सांगतो. जालना जिल्हा दिसत नसेल तर पुस्तक 1981 च्या आधीचे. जालना आहे पण लातूर अजून उस्मानाबादेच्या पोटात असेल, तर 1981-82 चे. लातूर आहे आणि हिंगोली परभणीतच असेल, तर 1999 च्या आतले. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून एखादे खाली आले, तर आधी एवढे पाहा, पेन्सिलीने साल लिहा आणि आडवेच ठेवा; उभे ठेवले की मोठ्या पानांची शिवण उसवते.