ऊस वाहतुकीपूर्वी ट्रॉलीची दुरुस्ती

शेतकरी बंधूंनो, भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर जीवावर बेतते. म्हणून हंगामापूर्वी पुढील जागा तपासून घ्याव्यात.

१) जोडणी : दांड्याची कडी झिजली असल्यास बदलावी. पिनऐवजी सळईचा तुकडा वापरू नये. पिनला खालून लॉक-क्लिप व जोडीला सुरक्षा साखळी असावी.

२) सांगाडा : दांडा चासीला मिळतो तेथे वेल्डिंगजवळ तडे जातात. जागा घासून डिझेल लावावे, कोरडी पुसून खडूची पूड चोळावी. तडा असल्यास ओलसर रेघ उमटते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून मगच वेल्डिंग करावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही.

३) चाके : रिकाम्या ट्रॉलीच्या इतर चाकांना दगड लावावेत. एक चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग तपासावे, खराब असल्यास बदलावे. जुने ग्रीस काढून नवे भरावे व स्प्लिट पिन नवीन घालावी.

४) मागील बाजू : लाल रिफ्लेक्टर उसाने झाकले जाणार नाहीत अशा जागी लावावेत.

या दुरुस्तीला खर्च थोडा येतो. ट्रॉली वाटेत बंद पडल्यास मात्र तोडलेल्या उसाचे वजन घटत जाते.