शुगर आहे? मग फॉर्मवर तसं लिहा! मधुमेह आणि परवडणारा आरोग्य विमा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं किंवा घरच्या ग्रुपवर पाठवायचंय, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतो: "वडिलांना आठ वर्षांपासून शुगर आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका, हप्ता वाढेल. काय करू?"

माझं उत्तर एका शब्दात: लिहा. का, ते आता बघू.

लपवलेली शुगर कुठे सापडते?

समजा, फॉर्मवर "मधुमेह नाही" लिहिलं. दोन वर्षांनी वडिलांच्या पायाची जखम चिघळली आणि अ‍ॅडमिट करावं लागलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न काय असतो? "शुगर किती वर्षांपासून आहे?" आपण खरं तेच सांगतो, आणि सांगायलाच हवं, कारण उपचार त्यावर ठरतात. डॉक्टर केस पेपरवर लिहितात, "मधुमेह, १० वर्षं." क्लेमसोबत तोच कागद विमा कंपनीकडे जातो. कंपनी म्हणते, पॉलिसी दोन वर्षांची, आजार दहा वर्षांचा, आणि फॉर्मवर "नाही". क्लेम नामंजूर होतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. म्हणजे हप्त्यात वाचवलेले काही हजार आणि समोर लाखांचं बिल!

काही जण म्हणतात, पाच वर्षं निघाली की कंपनी काही करू शकत नाही. हे अर्धंच खरं आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली, तर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. जाणूनबुजून लपवणं त्यातच मोडू शकतं. त्या भरवशावर राहू नका.

खरं लिहिलं तर काय होतं?

तीन गोष्टी होऊ शकतात. हप्ता थोडा वाढतो, आधी तपासण्या करायला सांगतात, किंवा एखादी कंपनी नकार देते. नकार आला तर दुसरीकडे विचारा, सगळ्यांचे नियम सारखे नसतात.

शिवाय आधीपासूनच्या आजारासाठी 'वेटिंग पिरियड' लागतो. तो पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने होता. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२४ मध्ये तो ३६ महिन्यांवर आणला. काही पॉलिसींत त्याहून कमी असतो. आता हे नीट समजून घ्या: या काळात शुगरमुळे उद्भवलेल्या तक्रारींचा खर्च मिळत नाही. पण डेंग्यू झाला तर पहिल्या ३० दिवसांनंतर मिळतो, आणि अपघात तर पहिल्या दिवसापासून धरला जातो. म्हणून "तीन वर्षं काहीच उपयोग नाही" हे चूक आहे. आणि घड्याळ पॉलिसी घेतल्यावरच सुरू होतं. जितका उशीर, तितकं ते पुढे.

स्वस्तातला पर्याय हवा असेल तर 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी आहे. २०२० पासून सगळ्या कंपन्या ती साधारण सारख्याच अटींवर देतात. त्यात प्रत्येक क्लेमचे ५ टक्के आपल्याला भरावे लागतात. आणखी एक दिलासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय.

हप्ता परवडतच नसेल तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तिथे वेटिंग पिरियड नाही, जुना आजार असला तरी चालतो. डायलिसिस, अँजिओप्लास्टी असे मोठे खर्च त्यात बसतात. सत्तरी ओलांडलेल्यांना तर आयुष्मानचं कार्ड उत्पन्नाची अट न लावता मिळतं. हॉस्पिटल योजनेत आहे का, हे मात्र आधीच पाहून ठेवा. तिथे गेल्यावर 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा.

रोजच्या शुगरचं काय?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. विमा मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येतो. गोळ्या, स्ट्रिप्स, डॉक्टरांची फी, एचबीए१सी हे बहुतेक पॉलिसींत आणि या योजनांतही खिशातूनच जातं. म्हणून मी दोन हिशेब वेगळे ठेवायला सांगतो: हॉस्पिटलचा विम्यावर, रोजचा घरखर्चात.

रोजचा खर्च कमी करता येतो. जन औषधी केंद्रात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या ब्रँडेडपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना विचारून बदला. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तिथेही चौकशी करा. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी टाळू नका. ती बहुतेकांसाठी ७ टक्क्यांच्या आत ठेवायची असते, पण आपला आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. कुठलीही पॉलिसी किडनी परत देत नाही, फक्त बिल भरते.

या आठवड्यात करायची कामं

१. पॉलिसी असेल तर त्यासोबतची फॉर्मची प्रत काढा आणि मधुमेहासमोर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.
२. "नाही" लिहिलं असेल तर कंपनीला लेखी कळवा, पोच जपून ठेवा.
३. नवी घेत असाल तर फॉर्म एजंटवर सोडू नका. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायला ३० दिवस असतात, तेवढ्यात वाचून काढा.
४. हप्त्याची तारीख चुकवू नका. पॉलिसी तुटली की वेटिंग पिरियडची जमा झालेली वर्षंही जातात.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर गोळ्या वेळेवर, चालणं रोज. काळजी घ्या!